अंदाजपंचे दाहोदरसे

घरचा लॅपटॉप हळू चालायला लागला की तुमच्याकडे काय होतं? बाबा म्हणतात, "जुना झालाय." आई म्हणते, "फोटो फार साठलेत." तुम्ही म्हणता, "वायफाय गंडलंय." हे सगळे नुसते अंदाज. अशा अंदाजाला मराठीत एक मस्त नाव आहे, 'अंदाजपंचे दाहोदरसे'. मोठ्याने म्हणून बघा, मजा येते.

कॉम्प्युटर हळू का झाला ते शोधणं हेच माझं काम आहे. मी मराठी शाळेत शिकले. कॉलेजात 'ट्रेसिंग' हा शब्द आला, तेव्हा मला लगेच 'माग काढणे' आठवलं. ओल्या मातीतली पावलं बघत जनावर कुठे गेलं ते शोधायचं, म्हणजे माग काढायचा.

कॉम्प्युटरमध्ये ही पावलं कुठली? कोणताही प्रोग्रॅम स्वतः डिस्कवरची फाइल उघडत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, "मला ही फाइल उघडून दे." गावाकडच्या वाण्याच्या दुकानात फळीवरचा डबा आपण काढतो का? नाही, वाण्याला सांगतो. अशा प्रत्येक मागणीला 'सिस्टिम कॉल' म्हणतात. लिनक्सवर 'एसट्रेस' नावाचं साधन या मागण्या एकेक करून आपल्यासमोर लिहून दाखवतं.

एका कंपनीत एक रिपोर्ट उघडायला फार वेळ लागायचा. सगळ्यांचा अंदाज एकच: सर्व्हर कमी पडतोय. नवा घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. आम्ही एसट्रेस लावून पाहिलं. प्रोग्रॅम एकच फाइल पुन्हा पुन्हा मागत होता आणि दर वेळी उत्तर येत होतं, "अशी फाइल नाही." हजारो वेळा! ते फोल्डर नेटवर्कवर, दुसऱ्या मशीनवर होतं, म्हणून प्रत्येक 'नाही' यायलाही वेळ लागत होता. सेटिंगमधली एक ओळ बदलली. नवा सर्व्हर घ्यावा लागला नाही.

एसट्रेसची एक खोड आहे. प्रत्येक मागणीपाशी ते प्रोग्रॅमला थांबवतं, त्यामुळे प्रोग्रॅम आणखीच हळू होतो. बँकेच्या चालू सर्व्हरवर मी ते लावणार नाही. ही अडचण ओळखून सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रायन कँट्रिल, माइक शापिरो आणि ॲडम लेव्हेंथल यांनी 'डीट्रेस' तयार केलं. ते 2005 साली सोलारिस 10 बरोबर आलं. चालू मशीनला धक्का न लावता त्यातून माग काढता येतो. आता लिनक्सवर 'पर्फ' आणि 'ईबीपीएफ' आहेत. मी रोज तीच वापरते.

डीट्रेसची एक गंमत सांगते. सनमधलाच इंजिनिअर ब्रेंडन ग्रेग 2008 साली डेटा सेंटरमध्ये हार्ड डिस्कसमोर उभा राहून चक्क जोरात ओरडला. आवाजाच्या कंपनांनी डिस्क थोडी हलली, तिचं काम क्षणभर रेंगाळलं, आणि डीट्रेसवर आधारलेल्या आलेखात ते लगेच दिसलं. हे कुणाच्या अंदाजात बसलं असतं?

तुमच्या मॅकवर 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर' किंवा विंडोजवर 'टास्क मॅनेजर' असेल. ते इतका बारीक माग काढत नाहीत, पण सीपीयू, मेमरी आणि डिस्क कोण खातंय ते सांगतात. लॅपटॉप अडकलेला असतानाच बघा, नंतर नाही. पाऊल ओलं असतानाच दिसतं. सगळ्यात वरची तीन नावं वहीत लिहा आणि रविवारी वर्गात घेऊन या. आणि हो, तोवर बाबांना नवा लॅपटॉप घेऊ देऊ नका.