सोललेली गोरखचिंच

डाकारहून जोआलकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोरखचिंचांचे रान लागते. सेनेगलचा कोरडा हंगाम. झाडावर पान एक नाही, नुसते अवाढव्य बुंधे आणि वर आखूड फांद्या. आकाराचे नवल आपल्याकडे मांडूला ही झाडे पाहिली तेव्हाच करून झाले होते. इथे पाय थबकले ते निराळ्याच कारणाने. पुरुषभर उंचीपर्यंत बुंध्याची साल सोललेली, तिथे नवी धरलेली, तीही पुन्हा सोललेली. आणि झाड खुशाल उभे!

मी जबलपूरचा. आमच्या सागाच्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, की बुंध्याभोवतीचा सालीचा पट्टा काढला की झाड उभ्याउभ्या वाळते. इथे गावकरी साल काढतात, कुटतात, तिच्या वाखाचे दोर वळतात. लाकूड मात्र भुसभुशीत, पाणी धरणारे. ना फळी निघते ना खांब. सुतार ढुंकून पाहत नाही, हे या झाडाचे भाग्यच म्हणायचे.

पाला वाळवून त्याची पूड कालवणात घालतात. दाटपणा बुळबुळीत येतो. भेंडी आवडणाऱ्यांनी जरूर खावे. फळाचे लवदार कवच फोडले की आत पांढरा, कोरडा, आंबट गर. तो पाण्यात कालवून साखर घातली की ‘बुये’ तयार. उन्हातून आल्यावर त्यापुढे आपले पन्हे फिके वाटले, हे घरी सांगायची सोय नाही.

ढोलीची तर कथाच न्यारी. सुदानच्या कोर्दोफानात लोक तिच्यात पावसाचे पाणी साठवून उन्हाळा काढत; सेनेगलचे सेरेर लोक आपल्या भाटांना मेल्यावर तिच्यातच ठेवत. प्रवासी इब्न बतूता 1352 साली मालीच्या वाटेवर होता, तेव्हा एका ढोलीत विणकर माग मांडून बसलेला पाहून तो चकित झाला. हाच गृहस्थ त्याआधी दहाएक वर्षे माळव्यातून गेला होता. धारविषयी लिहिताना त्याला आठवली ती विड्याची पाने.

धारजवळच्या मांडूत आज गोरखचिंचा आहेत, त्या आफ्रिकेतूनच माणसांबरोबर आलेल्या. त्यांतली काही मुळासकट उपटून हैदराबादजवळच्या एका खासगी उद्यानाकडे निघाली, तेव्हा गावकरी आडवे आले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचले. उपटणाऱ्यांनी झाड मोजले ते शोभेचे म्हणून. मांडूच्या रस्त्याकडेला फळांचे ढीग मांडून बसणाऱ्या बायांचा धंदाही त्याच ट्रकवर चढला असता, हा हिशेब मात्र कोणी केला नव्हता.