आधी तास, मग किलो

नोकरी सांभाळून दिवाळीचा फराळ विकते म्हटलं की लोक पहिलं विचारतात, "यंदा किती किलोचं टार्गेट?" माझ्या वहीत किलोचा रकाना दुसरा आहे, पहिला तासांचा. पूर्णवेळ धंदा करणाऱ्याला ऑर्डरी वाढल्या की माणूस ठेवता येतो. माझ्याकडे ऑफिसातून आल्यानंतरची संध्याकाळ आणि रविवार, एवढंच भांडवल. ते आधी मोजायचं आणि त्यात बसेल तेवढंच कबूल करायचं.

पदार्थ आपापला वेळ मागतात. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत ठेवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून, दमट असतानाच कुटून, गूळ घालून पीठ मुरू द्यायचं. आज ऑर्डर आणि उद्या अनारसे, हे शक्यच नाही. पण त्यातले बरेचसे तास मला द्यावे लागत नाहीत. मी ऑफिसात असते तेव्हा तांदूळ भिजत असतात. चकलीचं तसं नाही. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे-जिरे भाजून भाजणी आधी दळून ठेवता येते; पण एकदा पीठ भिजवलं की सोऱ्या आणि कढई सोडून हलता येत नाही. करंजीचं सारण आधी होतं, तरी लाटणं, भरणं, कातणं सगळं हातावर. घरात मदतीला कुणी नसेल तर नोकरी करणाऱ्या बाईने करंज्या बेतानेच घ्याव्यात. किलोभर चिवडा आणि किलोभर करंज्या काट्यावर सारख्याच भरतात, पण संध्याकाळी त्यांची बरोबरी होत नाही. म्हणून किलोचं उद्दिष्ट फसवं.

तास कळले की वसुबारसेपासून उलटं मोजत यायचं. दसरा ते दिवाळी मिळतात जेमतेम वीसेक दिवस, तेही इंग्रजी तारखांना बांधलेले नाहीत. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते ८ नोव्हेंबरला. मागच्या वर्षीचं वेळापत्रक तसंच उतरवून चालत नाही. परदेशी जाणारी पार्सलं सगळ्यांत आधी, म्हणून त्यांत टिकाऊ शंकरपाळे आणि चकल्या. पितृपक्षात ऑर्डरी थंड असतात. तेव्हा मी डबे, लेबलं, अन्नसुरक्षा नोंदणीचे कागद उरकते. नवरात्रात भाजणी. ओल्या नारळाचं काही असेल तर अगदी शेवटी.

दर ठरवतानाही तासच पुढे येतात. तेल, तूप, डाळी, गॅस, दळण हा खर्च बायका चोख मांडतात आणि स्वतःच्या कष्टाची रक्कम मांडायला लाजतात. "पगार आहेच की," असं म्हणतात. पगार ऑफिसातल्या कामाचा मिळतो. सोऱ्या फिरवल्याचा नाही. तासाचा दर धरून भाव परवडत नसेल, तर तो पदार्थ यादीतून काढावा.

छोट्या सुरुवातीला हसणाऱ्यांना मी लिज्जतचं सांगते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी पाकिटं झाली चार. घरकाम सांभाळून जमेल तेवढ्याच कामापासून त्यांनी सुरुवात केली. पुढचा पसारा त्यानंतरचा.

तुम्ही यंदा सुरू करणार असाल तर दरपत्रक नंतर छापा. आधी एका रविवारी घड्याळ लावून किलोभर चकली करून बघा. पीठ भिजवण्यापासून कढई घासून, पाकीट बंद करेपर्यंतचा वेळ धरा. आलेल्या आकड्याने तुमच्या मोकळ्या तासांना भागा. उत्तर येईल तेवढ्याच ऑर्डरी घ्या, आणि ऑर्डर बंद होण्याची तारीख गिऱ्हाइकाला पहिल्याच मेसेजमध्ये कळवा.