भ्यालेला हात

वडिलांनी तीस वर्षे ड्रम ब्रेकची मोटारसायकल चालवली आणि ते एकदाही पडले नाहीत. त्यामुळे २०१६ साली गाडी घेताना एबीएसचे जादा पैसे मी वाचवले. ज्याला ब्रेक लावता येत नाही त्याची ती कुबडी, असे मला वाटे.

पुढच्या जूनमध्ये, पहिल्याच पावसात, ताम्हिणी घाट उतरून सरळ रस्त्याला लागलो आणि म्हैस आडवी आली. धूळ व तेलाने रस्ता निसरडा झालेला. मी पुढचा ब्रेक आवळला. चाक जाम झाले. आणि फिरायचे थांबलेले चाक तोल सावरू शकत नाही. अशा वेळी ब्रेक क्षणभर सैल सोडावा, हे मला पक्के ठाऊक होते. पण भ्यालेला हात सोडत नाही, अधिकच घट्ट धरतो.

एबीएस नेमके हे सोडण्याचे काम करते. चाक जाम होऊ लागताच ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा कमी-अधिक करते. सुट्या खडीवर त्यामुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते, आणि वळणावर कललेल्या गाडीला साधे एबीएस सावरेलच असे नाही, हेही खरे. १ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना ते सक्तीचे झाले, तेव्हा मात्र मला त्यात कौशल्याचा अपमान दिसला नाही.

वडिलांचे कौशल्य मी आजही नाकारत नाही. फक्त आता वाटते, त्यांच्या वाटेत ती म्हैस कधी आलीच नसावी.