फोनवरचा सुभेदार

आमच्या शिलाईच्या दुकानात फोन वाजला की बहुधा पहिला शब्द 'जयभीम' असाच ऐकू येतो. नागपुरातल्या आमच्या वस्तीत गिऱ्हाईक आपल्याच समाजाचे. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या तीन दिवसांवर माझे वर्षाचे गणित चालते. त्यामुळे गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पंधरा दिवस आधी एका अनोळखी माणसाने फोनवर "जयभीम ताई" म्हटले, तेव्हा मनात कसलीही शंका आली नाही.

"मी सैन्यात सुभेदार आहे, कामठीला असतो. आमचे पन्नास जण दीक्षाभूमीवर वंदनेला येणार आहेत. पन्नास पांढरे सदरे शिवून हवेत. तुमच्या दुकानाचे फोटो पाहिले, काम फार स्वच्छ आहे."

सुभेदार म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सुभेदार रामजी सकपाळ उभे राहतात. माझेही तसेच झाले. कापडासह एका सदऱ्याचे ४५० रुपये मी सांगितले. त्याने घासाघीस केली नाही. पन्नास सदऱ्यांचे २२,५०० रुपये आजच देतो म्हणाला. पाठोपाठ मोबाईलवर त्याचे ओळखपत्र आले, गणवेशातला फोटो आला. आता वाटते, गिऱ्हाईकाने एक रुपयाही कमी करायला सांगितला नाही, तिथेच मी सावध व्हायला हवे होते.

मग तो म्हणाला, "सैन्याच्या हिशेबाची पद्धत वेगळी असते ताई. मी क्यूआर कोड पाठवतो. तो स्कॅन करून आधी पाच रुपये टाका, दहा होऊन परत येतील." मी टाकले. खरोखरच दहा रुपये आले. मग दुसरा कोड आला, २२,५०० रुपयांचा. "पिन टाका, लगेच दुप्पट होऊन जमा होतील. जास्तीचे पैसे सदरे नेताना हिशेबात धरू." तो मागे घाई लावत होता, साहेब बसले आहेत, खिडकी बंद होईल म्हणत होता. मी पिन टाकला.

पैसे आले नाहीत, गेले. तो म्हणाला, "मध्येच अडकले, पुन्हा एकदा करा, सगळे एकदम परत येतील." खात्यात आता काही उरले नाही, असे सांगितल्यावर म्हणाला, "मग शेजारच्या ताईच्या फोनवरून करा." ते ऐकले आणि माझे डोळे उघडले. त्या २२,५०० मध्ये १२,००० रुपये आमच्या बचत गटाने सणाचे कापड आणण्यासाठी मला दिलेले कर्ज होते.

हा प्रकार झाला गुरुवारी दुपारी. त्या रात्री मी कोणालाच काही सांगितले नाही. शुक्रवारीही नाही, शनिवारीही नाही. मिस्टरांनी विचारले, कापड का आणले नाही? मी म्हटले, दुकान बंद होते. पंचशील रोज म्हणणारी मी, आणि घरात खोटे बोलले. लाज वाटत होती. गटाच्या बायका म्हणतील, हिशेब ठेवणारी बाई अशी कशी फसली?

रविवारी विहारात वंदना सुरू होती. धम्मवंदनेत 'एहिपस्सिको' हा शब्द आला. इतकी वर्षे म्हणत आले, पण त्या दिवशी तो मला टोचला. ये आणि स्वतः पाहा, असे धम्म सांगतो. केसपुत्त गावच्या कालामांनाही भगवान बुद्धांनी हेच सांगितले होते, की केवळ परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा आदरणीय वाटतो म्हणून काही मानू नका, पारखून घ्या. मी तर एका अनोळखी आवाजाने आपला अभिवादनाचा शब्द उच्चारला एवढ्यावरच विश्वास ठेवला होता.

वंदना संपल्यावर मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि घडले ते सांगितले. बोलताना आवाज फुटत नव्हता. मला वाटले होते, कोणी हसेल. पण मागून डबे पुरवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अगं, मलाही त्या सुभेदाराचा फोन आला होता, ऐंशी डबे मागत होता. मला मोबाईलवर पैसे घेता येत नाहीत म्हणून मी वाचले." आणि मंडपवाले भाऊ खाली मान घालून म्हणाले, "माझे आठ हजार गेले. वीस दिवस झाले. घरीसुद्धा सांगितले नाही."

ऐकून मी थक्क झाले. भाऊ तेव्हाच विहारात बोलले असते तर मी वाचले असते. मी गुरुवारीच बोलले असते तर निदान पैसे तरी वाचले असते. माझ्या लेकीने तिथूनच १९३० या नंबरवर फोन लावला. सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवण्यासाठी हा सरकारी नंबर आहे. तक्रार जितकी लवकर जाते, तितके पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळण्याआधी थांबवता येतात. आम्ही तीन दिवस गमावले होते. फक्त ३,१०० रुपये एका खात्यात थांबले. पिन मीच टाकलेला, त्यामुळे बँकेत साहेबांनी हात वर केले. गटाचे कर्ज मी हप्त्याने फेडते आहे. एकाही बाईने मला बोल लावला नाही.

त्याला माझ्याबद्दल एवढे कसे ठाऊक होते? लेकीने दुकानाचा नंबर आणि १४ एप्रिलच्या निळ्या झेंड्यांचे फोटो गुगलच्या नकाशावर टाकले होते. धंद्यासाठी ते लागतेच. पण तेच वाचून तो 'जयभीम' म्हणत आला. मंदिराजवळच्या दुकानदाराला तो वेगळ्या शब्दाने हाक मारत असेल. गणवेशातला फोटोही बहुधा कुठल्या तरी प्रामाणिक जवानाचा चोरलेला असणार.

बंधू-भगिनींनो, आता मी एवढे शिकले आहे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, समोरच्याचा कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. गिऱ्हाईकाने दुकानातला आपला कोड स्कॅन करावा, आणि त्याने दाखवलेल्या पावतीच्या फोटोवर न जाता आपण आपले खाते पाहावे. मोठी ऑर्डर असेल तर माणसाला दुकानात बोलवावे. ओळखपत्राचा फोटो म्हणजे ओळख नव्हे.

ठगांची सोंगे अनेक आहेत. कोणी म्हणते, मुद्रा कर्ज मंजूर झाले, आधी फी भरा. ही योजना २०१५ पासून आहे, पण कर्ज बँका आणि वित्तसंस्थांकडून मिळते. बँकेत जाऊन विचारावे, अनोळखी माणसाच्या खात्यात काही भरू नये. कोणी उद्यम नोंदणीच्या नूतनीकरणाचे पैसे मागते. २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे आणि तिचे नूतनीकरण करावेच लागत नाही. कोणी वीज तोडण्याची धमकी देऊन मोबाईलवर 'एपीके' नावाची फाईल पाठवते. ती उघडू नये. सोंग कोणतेही असो, घाई, लालूच किंवा भीती यांपैकी एक तरी असतेच. अशा वेळी फोन ठेवावा, आणि कार्यालयाचा नंबर बिलावरून किंवा पासबुकावरून स्वतः शोधून लावावा.

आमच्या विहाराच्या फळ्यावर आता १९३० हा नंबर लिहिला आहे. रविवारी वंदनेनंतर पाच मिनिटे कोणाला कसला फोन आला, ते सांगायचे असा नियम झाला आहे. मंडपवाले भाऊ आता सर्वांत आधी बोलतात.

परवा पुन्हा एका अनोळखी माणसाचा फोन आला. "जयभीम ताई, तीस ब्लाऊज शिवायचे आहेत." मी म्हटले, "जयभीम भाऊ. दुकानात या, बसून बोलू." संध्याकाळी तो बायकोला घेऊन आला. चहा झाला, मापे झाली, आगाऊ पैसे रोख मिळाले. पडताळून पाहिले म्हणून खऱ्या माणसाला राग आला नाही.

जयभीम.