बियासच्या काठावरची अमानत

कुलूहून मनालीकडे जाताना बियास नदी सगळा वेळ सोबत असते. उजव्या तीरावरून हमरस्ता जातो, डाव्या तीरावरून नग्गरमार्गे दुसरा, थोडा अरुंद रस्ता. आम्ही जाताना हमरस्त्याने गेलो आणि परतताना नग्गरचा रस्ता धरला, त्यामुळे नदी दोन्ही काठांवरून पाहता आली. रोहतांगच्या बाजूला उगम पावणारी ही नदी सुमारे 470 किलोमीटर वाहत जाऊन पंजाबात हरिके येथे सतलजला मिळते. पाणी इतके थंड की वजू करताना बोटे बधिर होतात.

आपल्याकडच्या नद्या पाहिलेल्या माणसाला इथे एक गोष्ट लगेच जाणवते. पाण्याची धार लहान, पण दगडगोट्यांचा पट्टा फार रुंद. कुठे कुठे तर रिक्षाएवढे धोंडे धारेपासून बरेच लांब पडलेले दिसतात. ते तिथे कोणी नेऊन ठेवलेले नाहीत. पुरात नदीनेच आणून टाकले आहेत. म्हणजे आज कोरडा दिसणारा तो पट्टाही नदीचाच आहे. 2023 च्या जुलैत तिने तो परत मागितला, तेव्हा हमरस्त्याचे तुकडे, गाड्या आणि काठावरच्या इमारती पाण्यात गेल्या.

याच खोऱ्यात, कुलू आणि मनालीच्या दरम्यान, असे काही घडले की ज्याचा आधार आज देशभरातल्या नद्यांना मिळतो. स्पॅन मोटेल्स या कंपनीला नदीकाठची 27 बिघे 12 बिस्वे वनजमीन 1994 मध्ये भाडेपट्ट्याने मिळाली. या जमिनीवर आधी अतिक्रमण झालेले होते, ते अशा रीतीने कायदेशीर करून घेतले गेले. ज्यांच्या कुटुंबाचा या कंपनीशी संबंध होता, ते कमलनाथ त्या काळी केंद्रात पर्यावरण मंत्री होते. 1995 च्या पुरानंतर मोटेल वाचवण्यासाठी बुलडोझर लावून नदीचा प्रवाहच वळवण्याचे काम सुरू झाले. 1996 च्या फेब्रुवारीत एका इंग्रजी दैनिकात ही बातमी आली आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली.

13 डिसेंबर 1996 रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती सगीर अहमद यांनी निकाल दिला. नदी, समुद्रकिनारा, जंगल, हवा या गोष्टी सरकारच्या मालकीच्या नाहीत. सरकार त्यांचे केवळ विश्वस्त आहे. विश्वस्ताला ठेव सांभाळता येते, कोणाच्या खासगी फायद्यासाठी देऊन टाकता येत नाही. न्यायालयाने भाडेपट्टा रद्द केला, जमीन परत घ्यायला सांगितली, बिघडलेला परिसर पूर्ववत करण्याचा खर्च कंपनीवर टाकला आणि नदीचा काठ सर्वांसाठी खुला ठेवायचा आदेश दिला. नुकसानीची पाहणी करायचे काम आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेकडे सोपवले. पुढे 2002 मध्ये इतरांनाही जरब बसावी म्हणून कंपनीला 10 लाख रुपये भरायला लावले. रक्कम मोठी नव्हती, पण नदी बिघडवणाऱ्याला किंमत मोजावी लागते, ही गोष्ट कायद्यात पक्की झाली.

निकालातला ‘विश्वस्त’ हा शब्द आपल्या घरात परका नाही. आपण त्याला अमानत म्हणतो. पाणी, गवत आणि अग्नी यांत सर्व माणसे भागीदार आहेत, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली. त्याच्या आधारे फिकहच्या विद्वानांनी विहिरी, झरे आणि नद्यांभोवती एक पट्टा राखून ठेवला, त्याला ‘हरीम’ म्हणतात. मक्केच्या ‘हरम’चे आणि या शब्दाचे मूळ एकच. त्या पट्ट्यात बांधकाम करून इतरांची वाट अडवायची नाही आणि पाणी बिघडवायचे नाही, असा नियम. बियासच्या काठावरचे ते धोंडे पाहताना वाटले, नदीने आपला हरीम स्वतःच आखून ठेवला आहे. तो वाचायची तयारी मात्र हवी.

महाराष्ट्रात तो वाचायला सोपी खूण आहे. नदीकाठच्या शहरांत पाटबंधारे खाते पूररेषा आखते. साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणारा पोहोचतो ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. तरीही रात्रीतून राडारोड्याचे ट्रक रिकामे होतात, भराव पडतो आणि काही महिन्यांत तिथे ‘रिव्हर व्ह्यू’ची पाटी लागते. पूर आला की पाणी बिल्डरच्या कार्यालयात शिरत नाही. ते पलीकडच्या काठावरच्या झोपडीत आणि तळमजल्यावरच्या कुटुंबाच्या चुलीपर्यंत जाते.

म्हणून नदीकाठी घर घेताना नमुना फ्लॅटमधल्या फरशीआधी पूररेषेचा नकाशा पाहावा. डोळ्यांदेखत भराव पडत असेल तर तारखेसह फोटो काढावेत, चार शेजारी मिळून पालिकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच जपून ठेवावी. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे. वाद न्यायला साधारण सहा महिन्यांची मुदत असते, नुकसानभरपाई आणि नदी पूर्ववत करण्याच्या मागणीसाठी पाच वर्षांची. सहा महिने पाहता पाहता जातात, तेव्हा अर्ज लांबणीवर टाकू नये.

पाण्याचा हिशेब आखिरतमध्ये द्यायचा आहेच. पण ज्यांनी अमानतीत खयानत केली, त्यांच्याकडे दुनियेतही तो मागता येतो, हे बियासच्या काठाने दाखवून दिले आहे.