ई-२० आणि माझी ‘स्टेज वन’

गाडीतलं मला फारसं कळत नाही. पेट्रोल, हवा आणि वेळच्या वेळी ऑइल बदलणं, एवढ्यावर आजवर निभावलं होतं. त्यामुळे २०२१ची एक सेकंडहँड टर्बो हॅचबॅक घेताना आधीचा मालक ‘स्टेज वन आहे, मजा येईल’ म्हणाला, तेव्हा मी नुसती मान डोलावली. घरी येऊन माहिती काढली. इंजिनाचा एकही नटबोल्ट न बदलता ईसीयूतला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला, प्रोग्रॅम बदलायचा, टर्बोला जास्त हवा दाबायला लावायची, त्या हवेच्या हिशेबाने जास्त पेट्रोल सोडायचं, याला म्हणतात स्टेज वन रीमॅप. कंपनीने दिलेले ११० पीएस आता १३०च्या पुढे गेले होते. वॉरंटीचा प्रश्न अर्थातच मिटला होता.

कोथरूड ते हिंजवडी या रस्त्यावर ११० काय आणि १३० काय, दोन्ही सारखेच. तिथे माणूस क्लच दाबतो आणि पॉडकास्ट ऐकतो. तक्रार जाणवली ती कोल्हापूरला जाताना, खंबाटकीच्या चढावर. ट्रकच्या पुढे निघायला तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला, गाडी जोरात उसळली आणि काटा पाच हजारांच्या आसपास गेल्यावर कोणीतरी मागून ओढावं तशी अडखळली. क्षणभरच. डॅशबोर्डवर दिवा नाही, आवाज नाही. पाय थोडा सैल केला की पुन्हा सुरळीत.

निदान मात्र सगळ्यांकडे तयार होतं. ऑफिसातले म्हणाले ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. सोसायटीचा वॉचमनही ई-२०च म्हणाला. घरच्या ग्रुपवर इंजिन सडल्याचा एक व्हिडिओ आला आणि त्याखाली हे सगळं खोटं असल्याचा दुसरा. कागलच्या मामाचं मत वेगळं होतं. त्याचा ऊस कारखान्याला जातो आणि तिथली इथेनॉलची डिस्टिलरी चालली तर बिल लवकर निघतं, असा त्याचा हिशेब. तो म्हणाला, “आमच्या उसावर गाडी पळत न्हाई व्हय तुझी? मग बैलगाडी घे की.”

शेवटी भोसरीतल्या एका ट्यूनरकडे गेलो. पंचविशीतला पोरगा. सगळं ऐकून घेतलं आणि लॅपटॉप उघडण्याआधी त्याने काचेची मापाची नळी काढली. वर्कशॉपच्या बाहेर, मोकळ्या जागी, टाकीतलं ९० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी तिच्यात घातलं, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. दोन थर वेगळे झाले, पण खालचा थर आता १० वर नव्हता, २८च्या जवळ होता. “इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं,” तो म्हणाला. “वरचे अठरा त्याचेच. नव्वदात अठरा म्हणजे किती?” वीस टक्के. पंपावर जे मिळतंय ते खरोखर ई-२०च होतं. ते पंपावर कोणी मिसळत नाही, तेल कंपन्यांच्या डेपोतूनच मिसळून येतं, हेही मला तिथेच कळलं.

मग त्याने जे सांगितलं त्याने मी आणखी गोंधळलो. माझी समजूत अशी, की ई-२० म्हणजे हलकं पेट्रोल, म्हणून इंजिन ठोकतंय, म्हणजे नॉकिंग होतंय. तो म्हणाला, उलट आहे. आपल्याकडचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, ई-२० ९५च्या घरात जातं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीच पट उष्णता लागते, त्यामुळे थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात ते आतली हवा गार करतं. टर्बो गाडीला हे दोन्ही हवंच असतं. परदेशात हौशी लोक ई-८५ मुद्दाम शोधून भरतात, ते याचसाठी.

“मग अडतंय कुठे?”

“दादा, अडतंय ते मापात.”

इथेनॉल म्हणजे लग्नाला स्वतःचा डबा घेऊन येणारा पाहुणा. त्याच्या वजनात जवळजवळ ३५ टक्के ऑक्सिजन आधीच असतो. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, आणि ई-२०ला साधारण साडेतेरा. म्हणजे हवा तेवढीच असेल तर इंधन जास्त सोडावं लागतं. एरवी गाडी ऑक्सिजन सेन्सरकडे बघून हे आपलं आपण सावरून घेते. त्याने स्क्रीनवर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ दाखवलं : अधिक सात. ईसीयू जुन्या हिशेबापेक्षा सात टक्के जास्त पेट्रोल सोडत होता आणि बिनबोभाट सोडत होता.

मग आम्ही चाचणीला निघालो. तो लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी, मी चालवतोय. मोकळा रस्ता मिळाल्यावर पाय दाबायला सांगितला. परत येऊन त्याने दोन रेषा दाखवल्या. एक, ईसीयू इंधनाच्या रेलमध्ये किती दाब मागतोय. दुसरी, प्रत्यक्षात किती मिळतोय. साडेचार हजारांपर्यंत दोन्ही एकमेकींवर चिकटलेल्या. पुढे वरची रेष २०० बारच्या वर तशीच राहिली आणि खालची घसरत दीडशेच्या घरात आली. ठोकण्याची नोंद कुठेच नव्हती. रीमॅपने आधीच हाय प्रेशर पंपाकडून जवळपास सगळं काढून घेतलं होतं. त्यावर ई-२०ने आणखी मागितलं आणि शेवटच्या हजार आरपीएममध्ये पंप पुरा पडेना. तोच खंबाटकीचा हिसका.

कंपनीच्या मूळ प्रोग्रॅमवर ही वेळ आली नसती, कारण तिथे पंपाला बरीच उसंत असते. आणि हा मॅप कधी बनवला, तेव्हा टाकीत कोणतं पेट्रोल होतं, हे आधीच्या मालकालाही सांगता येईना. देशात १० टक्के मिश्रण गाठलं गेलं २०२२मध्ये, २० टक्के २०२५मध्ये. मधल्या काळात केलेल्या मॅपचा भरवसा काय?

त्याने नवा मॅप लिहिला. वरचा बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, थोडा कमी केला, मधला टॉर्क तसाच ठेवला. कमी दाबाचे रबरी पाइप तपासले, कारण ई-२०साठी साहित्य बदललेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या आणि माझी त्याआधीची. पैसे बरेच गेले. आता ती अडखळत नाही. मायलेज मात्र कमी आहे आणि कमीच राहणार, कारण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. हे गणित आहे. त्याला अपप्रचार म्हणून झटकता येत नाही.

इथेनॉलबद्दल माझी तक्रार नाही. मामाचं बिल वेळेवर निघावं, हे मलाही हवंय. तक्रार आहे ती पर्याय नसल्याची. इथेनॉलविरहित पेट्रोलही पंपावर मिळावं, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ब्राझील आता ३० टक्क्यांवर गेलाय खरा, पण तिथे २००३पासून फ्लेक्स-फ्युएल गाड्या आहेत. टाकीत काय आहे ते ओळखून त्या स्वतःला जुळवून घेतात. आपल्या गाड्यांचं तसं नाही.

तुम्ही रीमॅप केलेली जुनी गाडी घेणार असाल, तर पीएस किती हे नंतर विचारा. आधी मॅपची तारीख विचारा, तो कोणत्या पेट्रोलवर बनवला ते विचारा आणि रेल प्रेशरचा लॉग मागा. विकणाऱ्याकडे तो नसेल, तर नव्या मॅपचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.