रात्रीचा चौथा प्रहर

वाईहून अण्णा आमच्या दिल्लीच्या सरकारी क्वार्टरात राहावयास आले आणि पहाटे तीनलाच स्वयंपाकघरात भांडी वाजू लागली. "अण्णा, झोपा हो जरा!" आम्ही चिडून म्हणालो. दुसऱ्या रात्रीपासून ते अंधारात निश्चल बसून राहू लागले. ते आम्हांस अधिक लागले.

डॉक्टरांकडे झोपेची गोळी मागितली. ते म्हणाले, या वयात गोळीने तोल जातो. पडून हाड मोडावयाचे. उतारवयात गाढ झोप घटते, शरीराचे घड्याळ पुढे धावते. म्हणून डोळा लवकर लागतो, जागही लवकर येते. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी, दुपारनंतर चहा नको, सायंकाळी उजेडात फिरावे. आणि जाग आल्यास अंथरुणात तळमळत न राहता उठून बसावे.

उठून बसावे! अण्णा तेच तर करीत होते. त्यांना अंधारात बसविले होते ते आम्ही.

आता स्वयंपाकघरात मंद दिवा असतो. तीनची जाग चारवर आली आहे, एवढेच. कधी आम्हीही उठतो. दोघे कृष्णेच्या घाटाविषयी बोलत बसतो. मग कचेरीत जांभया येतात. येईनात का!